झाड तोडायला परवानगी, बिघडवायला मोकळीक

मे महिना सरत आला की गोव्यात करवतींचा आवाज वाढतो. वीज खाते तारांवरच्या फांद्या उतरवते, पंचायती धोकादायक झाडांची नोंद घेतात, घरमालक मिळेल त्या माणसाकडून अंगणातला आंबा-फणस ‘हलका’ करून घेतात. तरीही पहिल्या वादळी पावसात अग्निशमन दलाला उसंत मिळत नाही. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने झाडे व खांब आडवे करून अनेक गावे अंधारात लोटली. त्यानंतर घराशेजारच्या झाडाविषयीचा संशय बळावला. छाटणीच्या रीतीविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.

शेंडा उडवला की झाड सुरक्षित झाले, हा समज सर्वांत घातक. पाने गेल्याने अन्न तुटलेले झाड घाईने कोंब फोडते. हे फुटवे मूळ फांदीसारखे खोडात खोलवर रुजलेले नसतात. काही वर्षांत ते जड होतात आणि तोवर उघड्या जखमेतून कुज आत उतरलेली असते. तारांच्या बाजूनेच तासलेल्या झाडाचा भार तर दुसरीकडे, बहुधा घराकडेच, जातो. खरी छाटणी दिसायला किरकोळ असते. वाळलेली, रोगट किंवा दुसरीवर घासणारी फांदी काढायची, ती खोडाला मिळते तिथला फुगवटा राखायचा, जड फांदीला आधी खालून खाच द्यायची, म्हणजे पडताना ती साल ओरबाडत नाही. मेअखेरच्या धावपळीत हे होणे नाही.

कायद्याची नजर कुऱ्हाडीवर आहे. 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार खासगी जागेतले झाड तोडण्यासही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. 2016 मध्ये माडाला या कायद्याच्या व्याख्येतून वगळले, ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी तोच माड राज्यवृक्ष ठरला. वाद गाजला तो तोडीवर. निगा कोण राखणार, हा प्रश्न मागेच राहिला. माडाला कोंब एकच. गेंडा भुंगा वा सोंड्या त्यात शिरला तर वर चढून पाहणारा माणूस हवा. पाडेली दुर्मीळ झाले, तशी सुकी चुडते आणि नारळ छपरांवर पडू लागले.

मुळांची उपेक्षा याहून मोठी. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत असतात. मोटारीसाठी बुंध्यापर्यंत बसवलेले पेव्हर, कुंपणाचा चर, केबलसाठी उकरलेली रस्त्याची कड, या कामांच्या वेळी वृक्ष अधिकाऱ्याची आठवण कोणाला होत नाही. झाड कोसळते दोन-चार पावसाळ्यांनी, आणि दोष जातो वाऱ्याला.

झाड तपासून लेखी अभिप्राय देणारा एक प्रशिक्षित माणूस तालुक्यागणिक असला, पाडेल्याला विम्याचे कवच मिळाले, तर भ्यालेल्या घरमालकापुढे तोडीच्या अर्जाखेरीज दुसरा मार्ग राहील. खर्चाचा प्रश्न येईलच. कोसळलेल्या झाडामागे खांब, तारा आणि छपरांवर होणारा खर्च मात्र दर पावसाळ्यात मुकाट्याने होत असतो.