‘क्वांटम’ या शब्दाचे वजन

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी एक जाडजूड अहवाल माझ्यापुढे ठेवला. सोसायटीतील आरोग्य शिबिरात त्यांच्या हाती मिनिटभर धातूची एक कांडी देण्यात आली आणि यंत्राने यकृतापासून गुडघ्यांपर्यंत सारे काही ‘मोजले’. यंत्राच्या नावात ‘क्वांटम’ हा शब्द होता. स्वादुपिंड ‘उत्तम’ असल्याचे वाचून काकूंनी मधुमेहाच्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवल्या होत्या!

क्वांटम संगणकाविषयी हल्ली पुष्कळ लिहून येते, त्यामुळे या शब्दाला आपसूक वजन आले आहे. त्यामागील विज्ञान खरे आहे. नेहमीचा संगणक शून्य किंवा एक या अंकांवर चालतो. क्वांटम संगणकातील ‘क्युबिट’ मात्र या दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात राहू शकतो. निसर्गातील रेणू पुंजभौतिकीच्या नियमांनी वागतात, तेव्हा त्यांचे गणित मांडणारे यंत्रही त्याच नियमांवर चालावे, असा विचार रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये मांडला. औषधाचा रेणू शरीरातील प्रथिनाशी कसा जुळेल, हे अशा यंत्राने अचूक सांगितले, तर नव्या औषधांचा शोध सुकर होईल, ही आशा रास्त आहे. भारतानेही एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ६,००० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मान्यता दिली.

परंतु क्युबिट फार नाजूक असतात. अनेक यंत्रांत ते उणे २७३ अंश सेल्सिअसच्या आसपास जपावे लागतात. तरीही गणितात चुका होतात. ही यंत्रे आज संशोधनाची साधने आहेत, रोगनिदानाची नव्हेत. शिबिरातील कांडीशी त्यांचे काहीही नाते नाही. पुंजभौतिकीचा खराखुरा उपयोग पाहायचा असेल, तर तो एमआरआयमध्ये दिसतो. शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे गुणधर्म वापरूनच ती प्रतिमा उमटते.

तेव्हा असा अहवाल हाती आला, की तीन प्रश्न विचारावेत : नेमके काय तपासले? आकडा कोणत्या एककात आहे? निदानाची जबाबदारी कोणत्या नोंदणीकृत डॉक्टरांनी घेतली आहे? उत्तर मिळाले नाही, तर अहवाल बाजूला ठेवावा. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याविना बंद करू नयेत.

काकूंनी दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून घेतले. उपाशीपोटीची साखर २१० निघाली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत.