विंडरमियरच्या अलीकडचं इंग्लंड

इंग्लंडच्या सहलीची मराठी पत्रकं आता इतकी ठरावीक झाली आहेत की दरवर्षी त्यांतली तारीख आणि किंमत तेवढी बदलते. लंडन, स्टोनहेंज, शेक्सपियरचं स्ट्रॅटफर्ड, मग मँचेस्टरला ओल्ड ट्रॅफर्डच्या फाटकासमोर एक ग्रुप फोटो आणि तिथून थेट विंडरमियर सरोवरात बोटफेरी. मधला पट्टा बसमध्ये डुलकी काढायला राखून ठेवलेला. त्या पट्ट्याचं नाव लँकेशायर. तिथं का थांबत नाही असं विचारलं तर उत्तरं तयार असतात. गिरण्यांचा भाग होता तो, गिरण्या गेल्या, आता बघायचं काय? संस्कृती म्हणाल तर ती दक्षिणेला, नाहीतर सरोवरांच्या काठी; मधे नुसती मजुरांची वस्ती. आणि इतिहासाचं थोडं वाचन असलेला एखादा गृहस्थ ठेवणीतलं अस्त्र बाहेर काढतो: ज्या लँकेशायरनं आपल्या विणकरांच्या पोटावर पाय दिला, तिथं आपण तिकीट काढून जायचं?

या शेवटच्या आक्षेपात तथ्य आहे, त्याच्याकडे सावकाश येतो. बाकीचे ऐकीव आहेत.

सरोवरांपासूनच सुरुवात करू, कारण प्रतिपक्षाचा सगळा जीव तिथं अडकलेला आहे. गिरण्यांचं लँकेशायर वेगळं आणि कवींचा सरोवर प्रदेश वेगळा, ही फाळणी खुद्द वर्ड्‌स्वर्थनं केली. १८४४ साली केंडलहून विंडरमियरपर्यंत रेल्वे न्यायचं ठरलं, तेव्हा म्हाताऱ्या कवीनं ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये पत्रं लिहून विरोध केला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की निसर्गसौंदर्याची चव हळूहळू संस्कारानं येते, गिरणीकामगारांना गाडीत भरून डोंगरापाशी आणून सोडल्यानं येत नाही. त्यांनी आपल्या गावाजवळच्या शेतांतून फिरावं. रेल्वे १८४७ मध्ये आलीच. पण विचार टिकला, आणि आपल्या सहलीच्या पत्रकांनी तो न वाचताच उचलला.

आता जरा नकाशा उघडा. वर्ड्‌स्वर्थ ज्या हॉक्सहेडच्या शाळेत शिकला ते गाव तेव्हा लँकेशायरमध्येच होतं. कॉनिस्टन लँकेशायरमध्ये, विंडरमियरचा पश्चिम काठही लँकेशायरमध्ये. १९७४ साली जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या आणि हा भाग कंब्रियात गेला, इतकंच. सरोवराकाठच्या टुमदार हवेल्यांचे मालक कोण होते? ब्लॅकवेल नावाचं जे देखणं घर लोक आज वास्तुकलेचा नमुना म्हणून बघतात, ते मँचेस्टरच्या एका बिअर कारखानदारानं सुट्टीसाठी बांधलं. पीटर रॅबिटची लेखिका बिअ‍ॅट्रिक्स पॉटर घ्या. तिच्या बापाच्या घरचा पैसा छापील सुती कापडाचा, आईच्या घरचाही सुताचाच. तिनं १९०५ मध्ये हिल टॉपचं शेतघर घेतलं, मग आजूबाजूच्या जमिनी घेत गेली आणि १९४३ साली मरताना चार हजारांहून जास्त एकर नॅशनल ट्रस्टला देऊन गेली. आज तिथं बंगले उठलेले नाहीत याचं बरंचसं श्रेय तिला आहे. थर्लमिअरचं शांत, निळं पाणी तर मँचेस्टर महापालिकेनं केलेला तलाव आहे. धरण बांधून मूळच्या सरोवराची पातळी वाढवली, काठची वस्ती बुडाली आणि १८९४ पासून ते पाणी जवळपास शंभर मैल, एकही पंप न लावता, नुसत्या उतारानं मँचेस्टरला जाऊ लागलं. म्हणजे निसर्ग बघायला आलेला प्रवासी अर्धा वेळ लँकेशायरची मिळकतच बघत असतो. ज्याला ती पसंत आहे त्यानं मिळकतदाराला निदान असंस्कृत तरी म्हणू नये.

राहिला ‘मजुरांची वस्ती’ हा शेरा. बरोबर, मजुरांचीच. पण त्या मजुरांनी जे उभं केलं त्यावर आज अर्धं जग जगतं. १८५० च्या कारखाना कायद्यानं शनिवारी दुपारी दोनला गिरणी बंद होऊ लागली आणि मोकळ्या दुपारचं काय करायचं, हा प्रश्न पडला. त्याचं उत्तर फुटबॉल. खेळाचे नियम बांधले ईटन-हॅरोसारख्या शाळांच्या मुलांनी, एफए कपही सुरुवातीला त्यांच्याच माजी विद्यार्थ्यांच्या कपाटात असायचा. ३१ मार्च १८८३ ला लंडनच्या ओव्हल मैदानावर अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्ससमोर ब्लॅकबर्न ऑलिंपिक उभा राहिला. संघात विणकर, सूत कातणारा, ओतशाळेतला कामगार, प्लंबर असे लोक. त्यांचा प्रशिक्षक जॅक हंटर यानं सामन्याआधी त्यांना ब्लॅकपूलला नेऊन सराव करून घेतला होता. साहेबलोकांना हा प्रकार खिलाडूवृत्तीला सोडून वाटला. जादा वेळेत कॉस्टली या सूत कातणाऱ्यानं गोल मारला, सामना २–१ असा संपला, आणि त्यानंतर तो कप हौशी साहेबांच्या हाती कधीच लागला नाही. पाच वर्षांनी फुटबॉल लीग निघाली, तिच्या बारा संघांपैकी सहा लँकेशायरचे. ओल्ड ट्रॅफर्डसमोर फोटो काढणाऱ्या आपल्या मंडळींना हे कोणी सांगितलेलं नसतं.

ब्लॅकपूलचंही तसंच. त्याला थिल्लर म्हणायची पद्धत आहे आणि ते थिल्लर आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण ते कोणासाठी होतं ते बघा. प्रत्येक गिरणीगाव वर्षातून एक आठवडा पूर्ण बंद व्हायचं, बॉयलर थंड, धुराडी कोरडी, आणि अख्खं गाव गाडीत बसून समुद्रावर जायचं. एका आठवड्यात ओल्डहॅम, दुसऱ्यात बर्नली. शेजारी घरीही शेजारी आणि किनाऱ्यावरही शेजारी. या लोकांच्या शिलकीतल्या पैशांवर १८९४ मध्ये ब्लॅकपूलचा १५८ मीटर उंच मनोरा उभा राहिला. आयफेल टॉवरची नक्कल, हो. पण खाली जे नाचघर आहे त्याची सोनेरी नक्षी बघितली की कळतं, वर्षभर साच्यांच्या गोंगाटात उभं राहिलेल्या बाईला एका संध्याकाळपुरता राजवाडा हवा होता आणि तो तिला मिळाला. व्हर्सायला असा राजवाडा बघून कोणी नाक मुरडत नाही.

मजुरांनी उभं केलेलं आणखी एक. रॉचडेलच्या टोड लेनवर २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी विणकर आणि इतर कारागिरांनी एक दुकान उघडलं. सभासद २८, भांडवल २८ पौंड, माल म्हणजे लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. भेसळ नाही, उधारी नाही, आणि नफा खरेदीच्या प्रमाणात गिऱ्हाइकालाच परत. जगभरच्या सहकाराला नियमावली मिळाली ती या दुकानातून. ज्या महाराष्ट्रात गावोगावी सोसायटी आहे आणि साखर कारखान्याच्या निवडणुकीत सरकारं हलतात, तिथल्या माणसाला ही जागा बघावीशी वाटू नये हे नवल. दुकान अजून आहे, संग्रहालय म्हणून. मँचेस्टरचा हॅले वाद्यवृंद, कापूसव्यापाऱ्याच्या विधवेनं उभारलेलं जॉन रायलंड्स ग्रंथालय, मार्क्स आणि एंगल्स १८४५ मध्ये ज्या टेबलाशी बसून वाचत ते चेटम ग्रंथालय, यांची नुसती नावं घेऊन पुढे जातो. संस्कृती म्हणजे एवढंच, असं मानणाऱ्यांसाठी तीही तिथं आहेत.

आता तो खरा आक्षेप.

लँकेशायरचं कापड हा इंग्रजी प्रतिभेचा स्वयंभू चमत्कार होता, असं तिथली जुनी पाठ्यपुस्तकं सांगत, आणि ते खोटं आहे. इंग्लंडला सुती कापडाची चटक लागली ती हिंदुस्थानच्या छिटांमुळे. १७२१ मध्ये कायदा करून छापील सुती कापड वापरायलाच बंदी घातली गेली, १७३६ च्या कायद्यानं लँकेशायरच्या लिनन-सूत मिश्र कापडाला त्यातून सूट मिळाली, आणि या आडोशाला तिथला धंदा वाढला. बोल्टनच्या सॅम्युअल क्रॉम्प्टननं १७७९ साली जे यंत्र तयार केलं, त्याला लोक मलमलचं चाक म्हणत. आपल्याकडच्या मलमलीइतकं तलम सूत यंत्रावर निघावं यासाठीच त्याची सारी खटपट होती. पुढे पारडं फिरलं. १९१३ च्या सुमारास ब्रिटन वर्षाला साधारण ७०० कोटी यार्ड कापड निर्यात करत होतं, त्यातलं ३०० कोटींच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात उतरायचं. आणि हे नुसत्या यंत्रांच्या जोरावर नव्हतं. १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के जकात बसली, तर लँकेशायरच्या दडपणाखाली मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर लावला गेला, म्हणजे आमच्याच घरात आम्हाला सवलत नको. तो कर १९२६ पर्यंत उठला नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांचे हाल होतात, म्हणून मँचेस्टरच्या मालकांना जो कळवळा येई, तोही असाच हिशेबी. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंड्यांची आठवड्याच्या सुट्टीची मागणी अस्सल होती. मँचेस्टरचे अश्रू नव्हते.

इथपर्यंत आक्षेपक आणि मी एका बाजूला. पण त्यातून तो जो निष्कर्ष काढतो, की म्हणून तिकडे फिरकू नये, तो मला कळत नाही. गुन्ह्याची जागा बघितल्याशिवाय पंचनामा कसा करणार? शिवाय हिशेब एकेरी नाही. अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेतल्या गुलामांनी पिकवलेला कापूस अडला आणि १८६२ च्या हिवाळ्यात लँकेशायरमधले जवळपास पाच लाख लोक मदतीच्या अन्नावर होते. त्याच कापूसटंचाईत मुंबई गब्बर झाली. कापसाचा दलाल प्रेमचंद रायचंद, बॅकबेच्या शेअर्सचा जुगार, १८६५ ची पडझड, सगळं त्यातलं. आणि दरम्यान मुंबईत ज्या गिरण्या उभ्या राहत होत्या, त्यांतली यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून यायची. लँकेशायर स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याला साचे विकत होतं. मालक आणि मजूर यांचं हित एक नसतं, हे आपण गिरणगावात मानतो. ओल्डहॅमला गेल्यावर का विसरायचं?

उलट बाजूचा भाबडेपणाही मला नको. मँचेस्टरमध्ये लिंकनचा पुतळा आहे. ३१ डिसेंबर १८६२ ला फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा झाली, उपाशी असूनही त्यांनी गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पत्र पाठवलं, आणि त्यानं आभार मानले. हे खरं आहे आणि मोठंही आहे. पण सगळं लँकेशायर असं नव्हतं. दक्षिणेच्या बाजूनं बोलणारेही तिथं पुष्कळ होते, आणि १८६३ मध्ये स्टॅलीब्रिजला मदतीवरून दंगलच झाली. उपाशी माणसांकडून संतपणाची अपेक्षा करणारा पुतळा मला थोडा खटकतो.

त्यापेक्षा डार्वेन या गिरणीगावातला एक फोटो जास्त बोलका आहे. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेच्या निमित्तानं इंग्लंडात असताना विलायती कापडावरच्या बहिष्काराची झळ लागलेल्या गिरणीगावांत मुद्दाम गेले. तुमची बेकारी दिसते, पण आमच्याकडची भूक तिच्याहून मोठी आहे, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. फोटोत ते गिरणीतल्या बायांच्या गराड्यात आहेत, आणि बाया हात उंचावून जल्लोष करताहेत. गांधीजींनी बहिष्कार मागे घेतला नाही, बायांनी त्यांना शिव्या दिल्या नाहीत.

महायुद्धानंतर गिरण्यांना रात्रपाळीला माणसं मिळेनात, तेव्हा जी आली त्यांत भरूच आणि सुरत जिल्ह्यांतले गुजराती होते; ब्लॅकबर्न, बोल्टन, प्रेस्टनमध्ये त्यांची तिसरी-चौथी पिढी आहे. आपले क्रिकेटपटू तर त्याआधीपासून जात. नेल्सनसारख्या गिरणीगावाच्या क्लबनं लाला अमरनाथांना पगारी खेळाडू म्हणून ठेवलं, पुढे कपिल देवलाही. १९५२ मध्ये विनू मांकड हॅसलिंग्डनकडून खेळत होते. लॉर्ड्‌स कसोटीसाठी त्यांना तिथून सोडवून आणलं, आणि त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या.

उरला ‘आता काय बघायचं’ हा प्रश्न. बर्नलीच्या क्वीन स्ट्रीट गिरणीत जा. १८९० च्या दशकातली ही विणाईची गिरणी, १९८२ पर्यंत धंदा करत होती. वाफेचं इंजिन आहे, त्याचं नाव ‘पीस’, आणि तीनशेहून जास्त साचे रांगेनं उभे. थोडेच चालू करतात, तरी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून इथल्या बाया ओठ मोठमोठे हलवून बोलत. त्या ओठभाषेवर लेस डॉसन या विनोदी नटानं टीव्हीवर अख्खी सोंगं उभी केली. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धोटा तोंडाला लावून छिद्रातून धागा ओढून घ्यायचा, दिवसातून कितीतरी वेळा, आणि तोच धोटा दुसरीच्याही तोंडाला. दात किडत, क्षय पसरे. तरी ही पद्धत कायद्यानं बंद व्हायला १९५२ उजाडलं. खर्चकपात म्हणून कौन्सिलनं २०१६ मध्ये ही गिरणी बंद केली होती, पुढे ठरावीक दिवसांपुरती पुन्हा उघडली. मँचेस्टरहून तासाभराचं अंतर आहे. सरोवरातली बोट दुपारची घेतली तरी चालते.