सरासरी पेस नावाची थाप

थंडी पडली की सांगवीच्या पीडब्ल्यूडी मैदानावर पहाटे साडेपाचपासून जीपीएसची घड्याळं चमकायला लागतात. पळताहेत लोक, उत्तमच आहे. माझं भांडण पळण्याशी नाही. सोमवारी हापिसात जो हिशोब ऐकवला जातो, त्याच्याशी आहे. "या आठवड्यात ॲव्हरेज पेस सहाचा बरं का!" कसा काढला? एक्सेलमध्ये रोजचे पेस टाकले आणि खाली ॲव्हरेज मारला.

अहो, दिवसभर कोड लिहून पोट भरता ना तुम्ही?

मंगळवारी ३ किलोमीटर, १५ मिनिटं. पेस ५. रविवारी १८ किलोमीटर, १२६ मिनिटं. पेस ७. मधला आकडा ६, गडी खूश. पण पळालात २१ किलोमीटर आणि लागली १४१ मिनिटं. भागा की! ६.७१ येतं. (म्हणजे ६ मिनिटं ४३ सेकंद. ६ मिनिटं ७१ सेकंद नव्हे. हेसुद्धा सांगावं लागतं राव.) तीन किलोमीटरला अठरा किलोमीटरइतकंच वजन दिलं की असंच होणार. याच आकड्यांवर हाफ मॅरेथॉनचा अंदाज बांधला तर एक म्हणतो २ तास ७ मिनिटं, दुसरा २ तास २२.

काही जण म्हणतात, पेस सोडा, ताशी वेग घ्या. तिथे वेगळा खड्डा आहे. २०१२ पासून होणारी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन घ्या. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. समजा चढताना ताशी ८, उतरताना १२. सरासरी १०? नाही, ९.६. कारण हळू पळताना वेळ जास्त जातो. चढणीवर घालवलेलं उतारावर वसूल होतं, हा गैरसमज इथे पाच मिनिटांना पडतो.

गंमत म्हणजे, अंतरं सारखी असतील तर पेसची साधी सरासरी बरोबर येते आणि वेगाची चुकते. ट्रेडमिलवर अर्धा तास असा, अर्धा तास तसा पळालात, तर नेमकं उलटं. पण एकूण वेळ भागिले एकूण अंतर केलंत तर यातलं काहीच लक्षात ठेवायला नको!

बरं, भागाकार बरोबर आला तरी ५ किलोमीटरचा पेस २१ ला चिकटवता येत नाही. आपल्या बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे बघा. २०२३ मध्ये ५००० मीटर १३:१९.३० मध्ये, म्हणजे किलोमीटरला २:४०. २०२० मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन १:००:३०, म्हणजे २:५२. किलोमीटरमागे बारा सेकंदांचा फरक, तोही साबळेला! आणि २०२४ मध्ये पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेस ८:०९.९१ मध्ये पळाला, तेव्हाचा पेस २:४३. अंतर कमी, तरी ५००० पेक्षा हळू. का? वाटेत २८ अडथळे आणि पाण्याच्या ७ उड्या. नुसता पेसचा रकाना बघणाऱ्याला हे कळणारच नाही.

पीट रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनियरने १९७७ मध्ये यावर सूत्र मांडलं होतं. अंतरांचं गुणोत्तर घ्या, त्याचा १.०६ वा घात करा, जुन्या वेळेला गुणा. ३० मिनिटांत ५ किलोमीटर पळणाऱ्याला हाफसाठी २ तास १८ मिनिटं येतात. सहाच्या पेसने धरलेल्या २:०७ वर भरवसा ठेवणारे पंधराव्या किलोमीटरला रस्त्याकडेला पोटऱ्या चोळत बसलेले दिसतात. सूत्रही अंदाजच आहे म्हणा. लांबचा सराव नसेल तर २:१८ सुद्धा विसरा.

आणि आता ते कंपन्यांचे 'रनिंग चॅलेंज'. एका ठिकाणी (नाव कशाला) क्रमवारी सरासरी पेसवर होती. बक्षीस रोज दीड किलोमीटर सुसाट पळून थांबणाऱ्याला, आणि आठवड्याला चाळीस किलोमीटर करणारी बाई शेवटून तिसरी. तिने पळणं सोडलं नाही, चॅलेंज सोडलं. अंतरानुसार गट करा म्हणून मेल टाकला, तर उत्तर आलं, "लोकांना एकच नंबर हवा असतो."

मग एकूण किलोमीटर द्या ना! तोही एकच नंबर आहे.