शकुंतलेविषयीचा गहिवर

मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला जाणारी अडीच फुटी रूळवाट आता निजली आहे. बनोसा, अंजनगाव, पथ्रोट ही स्थानके ओस आहेत. गाडी गेली आणि तिच्यावर लिहिणारे आले. त्यांच्या लेखनात १९२१ साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन असते, बाभळीच्या सावलीतला फलाट असतो, आणि शेवटी न चुकता ते वाक्य असते, की स्वतंत्र भारतात ही एकच रेल्वे इंग्रजांची राहिली होती. वाचक हळहळतो, संतापतो आणि मोकळा होतो. माझे भांडण या मोकळे होण्याशी आहे.

ही वाट गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणण्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने घातली. कंपनीमागे मुंबईची किलिक निक्सन ही पेढी होती. रूळ कंपनीचे, त्यांवर गाड्या चालवणार आधी जीआयपी आणि पुढे मध्य रेल्वे. पेढी १८५७ साली इंग्रजांनी काढली हे खरे, पण स्वातंत्र्यानंतर ती भारतीय भांडवलदारांच्या हाती आली, हे आमच्या गहिवरात बसत नाही. लंडनच्या लोभाला शिव्या देणे सोपे असते. मुंबईचा हिशेब आणि दिल्लीची बेफिकिरी यांना शिव्या देताना मात्र आपली जीभ अडखळते.

नाइलाज होता म्हणावे, तर शेजारचे उदाहरण तसे म्हणू देत नाही. बार्शी लाइट रेल्वेही अडीच फुटीच, तीही खाजगी कंपनीची. ती सरकारने १९५४ साली विकत घेतली. या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे रूळ रुंद झाले, आणि पंढरपूर व लातूर देशाच्या मोठ्या मार्गांना जोडले गेले. वऱ्हाडच्या वाटेचा करारही दहा दहा वर्षांनी फेरविचारासाठी पुढे येत असे. तो येत राहिला आणि पुढे ढकलला जात राहिला. कालिदासाच्या दुष्यंताला निदान दुर्वासाच्या शापाची सबब होती! इथे शाप कोणाचाच नव्हता, विसरणे तेवढे होते.

रूळ एकाचे आणि गाडी दुसऱ्याची, अशा घरात डागडुजी कोण करणार? म्हणून वेग ताशी वीस किलोमीटरांच्या आसपास उतरला. कर्मचाऱ्यांनी खाली उतरून फाटक लावावे, गाडी पुढे घ्यावी, फाटक उघडून पुन्हा चढावे. १५ एप्रिल १९९४ रोजी वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले, तरी रूळ जुनेच राहिले. शहरातून येणाऱ्यांना याची गंमत वाटे. त्या डब्यात मजुरीला निघालेल्या बाया होत्या, बाजाराच्या टोपल्या होत्या, एस.टी.चे भाडे परवडत नाही म्हणून दोन तास आधी निघालेली माणसे होती. त्यांना गंमत वाटत नव्हती. पुढे गाडीला तोटा आहे असे ठरले. तोटा कोणत्या वहीत मांडला? कापसाच्या गाठी मोजण्यासाठी आखलेल्या वहीत या टोपल्यांसाठी रकानाच नव्हता.

आता ही वाट वारसा म्हणून जपावी, अशी मागणी होते. मागणारे सद्हेतूने मागतात, त्यांच्याविषयी माझ्या मनात किंतु नाही. माथेरानची १९०७ सालची छोटी गाडी प्रवाशांना डोंगर दाखवते आणि तिने ती दाखवावीच. पण अंजनगावच्या बाजाराला जाणाऱ्या बाईला डोंगर पाहायचा नाही, तिला अंजनगावला पोचायचे आहे. जिवंत सोयीला वारसा म्हटले, की तिची मागणी करणारा हक्कदार उरत नाही, तो प्रेक्षक होतो. आणि आम्ही लेखकमंडळी त्या प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत बसलो आहोत, हे कबूल केले पाहिजे. शकुंतला धावत होती तेव्हा आमच्यातल्या कितींनी तिच्या रुळांसाठी एक अर्ज लिहिला?

वर्धा ते नांदेड असा यवतमाळवरून जाणारा नवा रुंद मार्ग घातला जात आहे. त्याचा वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला. यवतमाळला त्याचा लाभ होईल, तो व्हावा. पण तो मार्ग बनोशावरून जात नाही, पथ्रोटवरूनही जात नाही. शकुंतलेच्या रुंदीकरणाची घोषणा २०१६ सालची आहे. पथ्रोटच्या फलाटावर अजून गाडी आलेली नाही.