लष्कराच्या भाकऱ्या कोण भाजतंय?

आपल्या पुणे विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची. १९९७ मध्ये देशातली पहिली सुखोई लोहगावलाच दाखल झाली, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण एवढा मोठा तळ रोज चालवायचा तर झाडू लागतो, गवत कापणारे लागतात, भाड्याच्या गाड्या लागतात. त्याबद्दल कोणी बोलत नाही.

विमानांचे करार दिल्लीत होतात. इमारती, वीज, पाणी एमईएस बघतं. रोजच्या वस्तू आणि सेवा मात्र आता बहुतांश 'जेम' पोर्टलवरून घेतल्या जातात. २०१६ मध्ये हे पोर्टल आलं आणि व्यवहार बराच उघड झाला, हे मान्यच करायला हवं.

अडचण 'एल-वन'ची आहे. अटीत बसणाऱ्यांपैकी ज्याचा दर सर्वात कमी, त्याला काम. खुर्च्या-टेबलं घेताना ठीक. पण माणसं पुरवायच्या ठेक्यात किमान वेतन, पीएफ, ईएसआय कायद्यानेच ठरलेलं. मग स्पर्धा उरते फक्त ठेकेदाराच्या सेवाशुल्कात. सगळे दर तळाला नेतात. एवढ्याशा पैशात ठेकेदाराला परवडतं कसं? घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा ठेकेदार निदान मी तरी पाहिलेला नाही. तूट कुठून भरून निघू शकते, ते सांगायला नको. कामगाराच्या पगारातून, नाहीतर दहा जणांचं काम सातांकडून करून घेऊन.

आणि हे फक्त कामगाराचं दुखणं नाही. धावपट्टीलगत गवत वाढलं की किडे येतात, किड्यांमागे पक्षी येतात. त्याच धावपट्टीवरून आपलं दिल्ली-बंगळूरचं विमान उडतं.

बिल पास करताना पीएफचं चलन बघतात. पण चलनावर नावं किती आणि कामावर माणसं किती, हे महिन्यातून एकदा तरी जुळवून बघा. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावरच येते.

दुसरं, छोट्या पुरवठादारांचे पैसे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार ते जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत, उशीर झाला तर व्याजासकट. पण पुढचं काम हातचं जाईल या भीतीने व्याज मागायला धजणार कोण? म्हणून ते न मागताच मिळालं पाहिजे.

यावर "सुरक्षेचा प्रश्न आहे" हे उत्तर नको. क्षेपणास्त्र गुप्त असावं. झाडूवाल्या मावशींचा पगार कशाला गुप्त हवा?