पाऊस रिझर्व्हेशन करून येत नाही

शेतीशास्त्राची पदवी घेताना महाराष्ट्राचे नऊ कृषी-हवामान विभाग आम्ही परीक्षेपुरते पाठ केले आणि परीक्षा संपताच विसरलो. ते खरे समजले महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या खिडकीतून. कोल्हापूरहून दुपारी निघालेली ही गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला टेकते. तेराशे किलोमीटरच्या वर अंतर, आणि सगळे राज्याच्या हद्दीत. सुरुवातीला कृष्णाकाठचा ऊस. उजाडते तेव्हा खानदेशातली केळी, मलकापूर-नांदुऱ्यापासून काळी माती आणि पऱ्हाटी, पुढे कुठे कुठे संत्र्याची बाग, शेवटी भंडारा-गोंदियाचे धान. मधला दौंड ते मनमाड हा कमी पावसाचा, ज्वारीचा पट्टा मात्र गाडी रात्री ओलांडते. जाताना रात्री आणि येतानाही रात्री. त्यात रेल्वेचा दोष नाही. पण दुष्काळी मुलूख झोपेत पार करायची सवय आपल्या राज्यकर्त्यांनाही आहे, एवढे म्हणून पुढे जातो.

आमचा प्रश्न खिडकीबाहेरचा नाही, डब्यातला आहे.

या गाडीचा जनरल डबा म्हणजे कोरडवाहू शेतीचा ताळेबंद आहे. बोंडे फुटून पहिली-दुसरी वेचणी झाली, हाती काय लागणार ते कळले, की अकोला-बडनेऱ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या पोरांची गर्दी पाहा. कोणी चाकणला, कोणी रांजणगावला कंपनीत चिकटलेल्या गाववाल्याच्या खोलीवर निघालेला. कोणी स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन. बरोबर नातीच्या बारशाला निघालेली म्हातारी, दवाखान्याच्या कागदांची पिशवी छातीशी धरलेला एखादा माणूस. नव्या बनावटीच्या जनरल डब्यात शंभराच्या आसपास माणसांची बसण्याची सोय असते. बसण्याची, असे आम्ही म्हटले. उभे राहण्याची मोजदाद कोणी करत नाही.

कोणी म्हणेल, मग रिझर्व्हेशन का करत नाही? शहाणपणाचा सल्ला आहे. आम्हीही एकदा तो पाळला. काही वर्षांपूर्वी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नागपूरला कापसाच्या प्रशिक्षणासाठी अकरा जणांची तिकिटे महिनाभर आधी काढून ठेवली. पदवीधराची हुशारी! निघायच्या दोन दिवस आधी पाऊस झाला, निघायच्या सकाळी वाफसा आला. स्टेशनावर आम्ही आणि आमचा एक भूमिहीन कार्यकर्ता, असे दोघेच. बाकी नऊ जण वावरात होते आणि तिथेच त्यांनी असायला हवे होते. कापसाचे प्रशिक्षण घ्यायला कापसाची पेरणी चुकवावी, असे आम्ही तरी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

आगाऊ आरक्षणाची मुदत पूर्वी १२० दिवसांची होती, १ नोव्हेंबर २०२४ पासून ती ६० दिवसांवर आली. ६० दिवस म्हणजे आपल्या भाषेत काय, तर पेरलेली पऱ्हाटी फुलावर येईपर्यंतचा काळ. एवढ्या काळात एखाद्याची दुबार पेरणी होते, एखाद्याचा बैल जातो. ज्याचा पगार १ तारखेला होतो आणि ज्याची रजा साहेबाने मंजूर केलेली असते, त्याला दोन महिन्यांनंतरचा गुरुवार कसा जाणार ते सांगता येते. कोरडवाहू शेतकऱ्याला पुढचा आठवडा सांगता येत नाही. हा त्याचा आळस नाही, ही त्याच्या धंद्याची जात आहे. तत्काळ आहे, पण बिगर-वातानुकूलित डब्यांचे तत्काळ आदल्या दिवशी सकाळी ११ वाजता उघडते आणि बघता बघता संपते. सकाळी ११ वाजता आपण डवऱ्यामागे असतो.

म्हणून जनरलचा डबा ही गरिबावर केलेली मेहेरबानी नव्हे. ज्यांचे वेळापत्रक आभाळ ठरवते त्यांना लांबचा प्रवास करण्याची ती एकमेव व्यवस्था आहे. आणि तीच गेल्या काही वर्षांत आखडत गेली. अनेक लांब पल्ल्याच्या गाड्यांत स्लीपर आणि जनरलचे डबे काढून वातानुकूलित डबे जोडले गेले. २०२० च्या टाळेबंदीनंतर गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा बराच काळ जनरलच्या डब्यातही आरक्षणाशिवाय पाय ठेवता येत नव्हता. लहान स्टेशनांवरचे कित्येक थांबे त्या काळात गेले. पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेस म्हणवून १० रुपयांच्या जागी ३० रुपये किमान भाडे घेतले गेले, ते २०२४ मध्ये मागे आले. ओरड झाली तेव्हा त्याच वर्षी सुमारे ३७० गाड्यांना मिळून एक हजारावर जनरल डबे जोडण्याचे रेल्वेने जाहीर केले. म्हणजे चूक झाली होती हे मान्य. आता आपल्या गाडीला त्यातले किती आले, ते आपणच मोजायचे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आमच्या काही मित्रांना ती आवडणार नाही. आम्ही फुकट प्रवास मागत नाही. मार्च २०२० मध्ये बहुतेक सवलती बंद झाल्या. त्यात साठीपुढच्या पुरुषांची ४० टक्के आणि अठ्ठावनपुढच्या बायकांची ५० टक्के सवलत गेली, कृषी प्रदर्शनाला जाणाऱ्या शेतकऱ्यांची सवलतही गेली. म्हातारा-म्हातारीची सवलत परत यावी असे आम्हालाही वाटते. पण शेतकरी म्हणून दाखला दाखवून भाड्यात सूट घेण्यात आम्हाला कधी गोडी वाटली नाही. उत्पादनखर्चावर भाव मागणाऱ्याने दुसऱ्याच्या उत्पादनखर्चाकडे डोळेझाक करू नये. रेल्वे तिकिटावर छापत आली आहे की प्रवासाच्या खर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. छापावे. आपल्या कापसाच्या आणि ज्वारीच्या पावतीवरही खर्चाच्या किती टक्के वसूल झाले ते छापायला लावले, तर हिशोब बरोबरीत होईल. आमचे मागणे सवलतीचे नाही, जागेचे आहे. तिकिटाचे पैसे देऊन माणूस चौदा तास संडासाच्या दारात उभा राहतो, त्याला कसली आली सवलत?

वऱ्हाडात रूळ मुळात माणसांसाठी आलेच नव्हते. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि साहेबाची नजर आपल्या काळ्या मातीवर स्थिरावली. १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले, १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत फाटा गेला. गाठी आधी, गाठी पिकवणारा नंतर. १० ऑगस्ट २०२५ पासून याच मार्गाने नागपूरच्या अजनीहून पुण्याला वंदे भारत धावते. संपूर्ण वातानुकूलित, खुर्च्यांची, जनरल डबा नाही. धावू द्या. आपल्यातल्या ज्याला परवडेल त्याने बसावे, आम्हीही एखादे वेळी बसू. फक्त तिला वाट देण्यासाठी जनरलवाल्यांची गाडी आडमार्गावर उभी राहू नये.

आता कामाचे. रेल्वेच्या प्रत्येक विभागात प्रवासी-ग्राहकांची सल्लागार समिती असते. आपल्याकडे भुसावळ आणि नागपूर विभागांच्या आहेत. त्यांत व्यापारी, कारखानदार, प्रवासी संघटना यांच्याबरोबर शेतकऱ्यांच्या संस्थांनाही प्रतिनिधित्व आहे. त्या खुर्चीवर कोण बसते, त्याने शेवटचा जनरल डब्यातून प्रवास केव्हा केला, हे जिल्हा बैठकीत विचारायला हवे. प्रत्येक तालुक्याने येताना दोन याद्या आणाव्यात. आपल्या स्टेशनाचे २०२० पूर्वी असलेले आणि आज नसलेले थांबे, ही एक. आपल्या स्टेशनावरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या प्रत्येक गाडीला आज किती जनरल डबे आहेत, ही दुसरी. फलाटावर उभे राहून मोजा, ऐकीव लिहू नका. याद्या जमल्या की निवेदन त्याच दिवशी तयार होईल. बैठकीला मात्र आदल्या रात्रीच्या गाडीने या, सकाळच्या गाडीत दारातसुद्धा जागा मिळत नाही.