दुकानाच्या दारातला उजेड

श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात पाऊस आणि शालेय क्रीडा स्पर्धा बरोबरीनेच चालतात. १४, १७ व १९ वर्षांखालील गटांतील मुले-मुली तालुक्याहून जिल्ह्याला आणि तेथून पुढे विभागाला जाऊ लागतात. घरी मात्र त्या खेळाची खूण म्हणून उरतो तो मोबाइलवर घाईत टिपलेला फोटो: मागे चिखलाचे मैदान, वर झाकोळलेले आभाळ आणि टोपीच्या सावलीत हरवलेला चेहरा. पेढीवर आजोबांची तसबीर सन्मानाने लावणाऱ्या घरात नातीच्या खो-खोच्या वर्षांची एकही धड तसबीर नसावी, ही उणीव पैशाची नसून लक्ष देण्याची आहे. बहुतेक मुलींचा खेळ दहावी-बारावीच्या आसपास सुटतो. मग ती वर्षे पुन्हा टिपता येत नाहीत.

या कामाला महागडी साधने लागतातच असे नाही. सरधना येथील जैन कुटुंबात जन्मलेले राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यातील लष्करी छावणीचे गाव होते. दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला. त्या काळचे स्टुडिओ मुख्यतः दिवसाच्या उजेडावरच चालत; काचेतून येणारा प्रकाश पडद्यांनी कमी-अधिक केला जाई.

तीच रीत आजच्या दुकानात सहज साधते. शटर पूर्ण वर करावे आणि आतील ट्यूबलाइट, बल्ब बंद करावेत. दोन रंगांचे प्रकाश मिसळले की चेहऱ्याचा वर्ण बिघडतो. खेळाडूला दारापासून चार-पाच फूट आत, दाराकडे तिरपे उभे करावे. चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला दोन-तीन फुटांवर थर्माकोलचा पांढरा तक्ता धरावा, म्हणजे सावली मऊ होते. मागे पाच-सहा फुटांवर गडद, बिनचुणीची चादर टांगावी. भिंत पिवळी वा हिरवी असेल तर तिच्यापासून दूर राहावे. तिचा रंग गालावर उतरतो.

सायंकाळी एलईडी दिवा वापरावा. तो खेळाडूच्या एका बाजूला, साधारण ४५ अंशांत, डोळ्यांच्या पातळीहून थोडा वर ठेवावा आणि पुढे पांढरे सुती कापड ताणावे. प्रकाश देणारा पृष्ठभाग जितका मोठा व जवळ, तितकी सावली सौम्य. नुसत्या दिव्याचे अंतर दुप्पट केले तर उजेड एक चतुर्थांश उरतो, म्हणून दिवा एक-दोन फूट सरकवला तरी फरक दिसतो. हॅलोजनपुढे मात्र कापड लावू नये. ते पेट घेऊ शकते.

दुसरा दिवा असल्यास तो खेळाडूच्या मागे, बाजूला, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा ठेवावा. केसांना आणि खांद्याला उजळ कड येते, आणि गडद पडद्यातून आकृती उठून दिसते. कबड्डीपटूच्या दंडाचा पीळ याच प्रकाशात खुलतो. क्रिकेटची टोपी असेल तर पुढचा दिवा थोडा खाली आणावा किंवा छातीच्या पातळीवर पांढरा तक्ता धरावा. चष्म्यावर चमक आली तर दिवा वर न्यावा व खेळाडूला हनुवटी किंचित खाली घेण्यास सांगावे. दोन्ही डोळ्यांत प्रकाशाचा बारीक ठिपका दिसला, की मांडणी जमली असे समजावे.

आपल्याकडील वीज ५० आवर्तनांची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि चित्रावर आडवे पट्टे उमटतात. अशा वेळी शटरची गती १/१०० किंवा १/५० ठेवावी. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून ठेवले की बहुतेक फोनमध्ये प्रकाश व स्पष्टता स्थिर होते.

पूर्ण संघ आला तर जमिनीवर खडूने पावलांची खूण करावी. पहिल्या खेळाडूवर मांडणी जुळवली की बाकीचे ओळीने उभे राहू शकतात. प्रत्येकाला दोन मिनिटे पुरतात.

हा फोटो विजेत्यांचाच असावा असेही नाही. पहिल्याच फेरीत हरून परतलेल्या मुलाला वडिलांनी गिऱ्हाईक थांबवून दारातल्या उजेडात उभे केले, तर आपला खेळ घराला मोलाचा वाटतो हे त्याला न सांगताच कळते.